रविवारच्या शाळेत स्वयंपाकातून पाठ: खमीर, मीठ, मसूर आणि दीड तासाचे गणित

प्रश्न थोडक्यात असा: चर्चच्या हॉलमध्ये उपासनेनंतर दीड तास, ८ ते १२ वयाची पंधरा-वीस मुले, दोन बर्नरची शेगडी, ओव्हन नाही. रोजच्या स्वयंपाकातून विश्वासाचे पाठ सहा रविवारांत द्यायचे आहेत, तर कोणते पदार्थ घ्यावेत आणि कसे?

आधी काय घेऊ नये ते सांगतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. केकचा एक पाठ फार लोकप्रिय आहे. मुलांना कोरडा मैदा चाखायला द्यायचा, सोड्याची चिमूट जिभेवर ठेवायची, कच्चे अंडे दाखवायचे, मग तयार केक काढायचा आणि म्हणायचे, "देवही असाच आयुष्यातल्या कडू गोष्टी मिसळून गोड करतो." सोबतीला रोम ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात). हा पाठ सोडून द्या. कच्चा मैदा आणि कच्चे अंडे मुलांच्या तोंडात घालण्याजोगे नाहीत, दोन्हींतून पोटाचे जंतू जातात. शिवाय त्या वचनातले ‘कल्याण’ म्हणजे काय, हे पौल लगेच पुढच्याच ओवीत सांगतो: देवाच्या पुत्राच्या प्रतिमेसारखे होणे. शेवटी सगळे गोड होते असे तो म्हणत नाही. ज्या मुलाचा बाप याच वर्षी गेला ते मूलही तुमच्यासमोर बसलेले असते, आणि त्याला तुम्ही केक दाखवून काय सांगता आहात याचा विचार करा. उकळत्या पाण्यातले गाजर, अंडे आणि कॉफी (गाजर मऊ पडते, अंडे घट्ट होते, कॉफी पाणीच बदलते) हा दुसरा हमखास प्रकार. त्यात शास्त्रवचन नावालाही नाही.

माझा निकष साधा आहे. बायबल जिथे स्वतः स्वयंपाकघरात शिरते, तेवढेच उतारे घ्यावेत. पिठात खमीर घालणारी बाई, खारटपणा गेलेले मीठ, एसावाची मसूर, सारफथच्या विधवेचे मूठभर पीठ, घाईत निघालेल्यांची बेखमीर भाकर, किनाऱ्यावर कोळशांवर भाजलेली मासळी. इथे कृती उताऱ्यातच आहे, तुम्हाला वरून उपमा चिकटवावी लागत नाही. आणि क्रम नेहमी हा: आधी हात चालू द्या, मग उतारा वाचा. उलटे केले की मुले उत्तर आधीच ओळखतात आणि पीठ मळताना ‘प्रेम’, ‘विश्वास’, ‘प्रार्थना’ असले पाठ केलेले शब्द तुमच्या तोंडावर फेकतात.

खमिराचा पाठ सगळ्यांत सरस, आणि बिघडतोही सगळ्यांत जास्त. म्हणून त्यावर जरा थांबू.

उतारा एकच ओवीचा आहे, मत्तय १३:३३ (लूक १३:२०-२१ मध्येही तोच). एक बाई खमीर घेते, तीन मापे पिठात लपवते, शेवटी सगळे पीठ फुगते. बहुतेक शिक्षक ‘तीन मापे’ म्हणजे तीन वाट्या समजून पुढे जातात. ते माप म्हणजे ‘सेआ’. त्याचे अंदाज सुमारे ७ लिटरपासून १३ लिटरपर्यंत आहेत. कमीत कमी धरले तरी तीन मापांचे पीठ दहा-बारा किलो होते, वरचा अंदाज घेतला तर वीस किलोच्या आसपास. उत्पत्ती १८:६ मध्ये अब्राहाम तीन पाहुण्यांसाठी साराला पीठ मळायला सांगतो, तिथेही हेच माप, तीनच. म्हणजे हे घरच्या परातीचे काम नव्हे, लग्नघरचे आहे. हे मुलांना सांगून कळत नाही. टेबलावर कणकेची १० किलोची पिशवी उभी ठेवा आणि शेजारी लिंबाएवढा आंबवलेला गोळा. एवढे पुरते.

दुसरी गोष्ट, त्या बाईकडे पाकिटातले यीस्ट नव्हते. आदल्या खेपेच्या पिठातला राखून ठेवलेला आंबट गोळा, तेच तिचे खमीर. पाठही त्याच पद्धतीने केला तर उताऱ्याला धरून होतो.

शनिवारी रात्री १०० ग्रॅम मैदा, ६५ मि.ली. पाणी आणि अगदी चिमूटभर इन्स्टंट यीस्ट मळून झाकून ठेवा. थंडीत रात्रभर ओट्यावर चालेल. मुंबई-कोकणातल्या मे महिन्यात दोन तास बाहेर ठेवून मग फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत पीठ सैल होऊन त्याला दारूसारखा वास येतो. रविवारी पहाटे साडेसहाच्या सुमारास त्यातला लिंबाएवढा तुकडा बाजूला काढा. उरलेला गोळा ५०० ग्रॅम मैद्यात घाला. पाणी ३०० मि.ली., मीठ १० ग्रॅम म्हणजे दोन सपाट चमचे, एक चमचा साखर, एक मोठा चमचा तेल. दहा मिनिटे नीट मळा. तीस अंशांच्या हवेत हे पीठ साडेतीन-चार तासांत दुप्पट होते, म्हणजे साडेदहाला वर्ग सुरू होताना तयार. डिसेंबरात नाशिक-नागपूरकडे ते दुपारपर्यंत हलणार नाही. तिथे जुन्या गोळ्यासोबत पाव चमचा यीस्ट घाला आणि भांडे ऊबदार जागी ठेवा. घातले असेल तर मुलांना तसे सांगा, लपवू नका.

ओव्हन नाही याची चिंता करू नका. तयार पिठाचे ४०-४५ ग्रॅमचे गोळे करून अर्ध्या इंचाच्या जाडीला थापा, वीस मिनिटे फडक्याखाली ठेवा आणि जाड तव्यावर झाकण घालून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे भाजा. आच मोठी केली की बाहेरून करपतात, आत चिकट राहतात. नव्वद टक्के वेळा तक्रार हीच असते. एका वेळी तव्यावर पाच-सहा बसतात, त्यामुळे दोन्ही बर्नरवर दोन तवे ठेवूनही वीस मुलांना पुरवायला अर्धा तास धरा.

वर्गात मुलांनी करायचे काम वेगळे. तीन सरळ काचेचे ग्लास घ्या. प्रत्येकात ५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा साखर आणि ३५ मि.ली. कोमट पाणी यांचे सैलसर पीठ. पहिल्यात यीस्ट नाही. दुसऱ्यात अर्धा चमचा. तिसऱ्यातही अर्धा चमचा, पण आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून गार केलेले. त्यातले पाणी मोजून ३५ मि.ली.मध्येच धरा. पिठाच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावा. पाऊण तासात दुसरा ग्लास रबरबँड ओलांडून वर येतो, बाकीचे दोन जागच्या जागी. सुरुवातीला तिन्ही सारखे दिसतात. ‘लपवले’ हा शब्द मुलांना इथे डोळ्यांनी दिसतो.

तिसऱ्या ग्लासावरून मूल विचारेलच की हा का नाही फुगला. साठ अंशांच्या वर यीस्ट मरते, असे सरळ उत्तर द्या आणि थांबा. ‘मेलेला विश्वास’ वगैरे तिथे जोडू नका. दाखल्यात मेलेले खमीर नाही.

कोमट म्हणजे किती, तर मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकला तर ना गार ना गरम, ३५ ते ४० अंश. यीस्ट जुने असेल अशी शंका असेल तर १०० मि.ली. कोमट पाण्यात एक चमचा यीस्ट आणि अर्धा चमचा साखर घालून दहा मिनिटे ठेवा. फेस आला नाही तर पाकीट टाकून द्या. आणि वेळ वाचवायला म्हणून ईनो किंवा बेकिंग पावडर कधीही वापरू नका. आंबट पदार्थ आणि सोडा एकत्र आले की वायू तत्क्षणी सुटतो, बुडबुडे दिसतात, मुले टाळ्या वाजवतात, आणि दाखल्याचा प्राणच जातो. कुणाला दिसत नाही असे काही तरी आत चालू आहे आणि त्याला वेळ लागतो, एवढेच तर तिथे सांगायचे आहे.

इडलीच्या पिठावरून हा पाठ घ्यायची सूचना नेहमी येते. मला ती पटत नाही. इडलीचे पीठ डाळ-तांदळावरच्या आणि हवेतल्या सूक्ष्मजीवांनी आपोआप आंबते, त्यात कुणी काही आणून घालत नाही. ‘घेतले आणि लपवले’ हा भागच गळतो. त्यापेक्षा दह्याचे विरजण बरे: अर्धा लिटर कोमट दूध, एक चमचा दही, उन्हाळ्यात चार-पाच तास, थंडीत आठ. गोव्यात असाल तर सूर (माडाची ताडी) घालून आंबवलेल्या सान्नांचा, म्हणजे तिथल्या इडलीसारख्या पदार्थाचा, उपयोग करा. पोदेरांचा (गोव्यातल्या पाववाल्यांचा) पावही पूर्वी सुरेवरच फुगत असे. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत सणाला फुगे करतात. मंडळीतली एखादी आजी ते करत असेल तर तिलाच बोलवा. पीठ फेटताना तिचा हात पाहणे हा तुमच्या भाषणापेक्षा चांगला पाठ होईल. फक्त फुगे तळायचे असतात, तेव्हा कढई मुलांपासून दूर ठेवा.

प्रश्न तीनच विचारा. पीठ कुणी फुगवले, बाईने की खमिराने? किती वेळ काहीच दिसत नव्हते? आता या पिठातून खमीर परत काढता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला वर्ग गप्प होतो. मग ओवी वाचा आणि उत्तर त्यांना शोधू द्या.

आता याच पाठातला खड्डा. नव्या करारात खमीर बहुतेक ठिकाणी वाईटाचे चिन्ह आहे: परूशांचे खमीर (मार्क ८:१५), थोडे खमीर सगळा गोळा फुगवते (१ करिंथ ५:६, गलती ५:९). एका रविवारी ‘स्वर्गाचे राज्य खमिरासारखे’ आणि त्याच वर्गात ‘जुने खमीर काढून टाका’ असे दोन्ही सांगितले की नऊ वर्षांचे मूल गोंधळणारच. पदार्थ एकच आहे आणि त्याचा गुणही एकच, थोडके असून सगळीकडे पोहोचणे. चांगले की वाईट ते काय पोहोचते यावर ठरते. हे बारा वर्षांच्या मुलाला कळते, आठ वर्षांच्याला नाही. म्हणून बेखमीर भाकरीचा पाठ किमान दोन आठवडे लांब ठेवा.

त्या पाठात घड्याळ लागते. निर्गम १२:३९ मध्ये इस्राएली लोकांना मिसरातून इतक्या घाईने काढले की पीठ आंबायला वेळच मिळाला नाही. यहुदी धर्मनियमात वल्हांडणाच्या (मिसरातून सुटकेच्या सणाच्या) भाकरीसाठी पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटांची मर्यादा धरतात. हेच आव्हान मुलांना द्या. चार गट करा, प्रत्येकाला २५० ग्रॅम कणीक आणि मोजून १५० मि.ली. पाणी. मीठ नाही, तेल नाही. मोबाइलवर १८ मिनिटे लावा. मळा, पातळ लाटा, काट्याने सगळीकडे टोचा, कडक तव्यावर भाजा. शेगडीवर दोनच बर्नर, म्हणून दोन-दोन गट आळीपाळीने सुरू करा, नाहीतर चौथ्या गटाचे पीठ रांगेतच अठरा मिनिटे ओलांडते आणि रडारड होते. प्रत्येक गटाने दोनच भाकऱ्या लाटायच्या, बाकीच्या पिठाच्या नंतर सावकाश पोळ्या.

टोचायचे विसरू नका. न टोचलेली पोळी टम्म फुगते आणि मूल विचारते, "मग यात खमीर आहे का?" नाही; पाण्याची वाफ पापुद्र्यांत अडकली, एवढेच. यीस्टने पीठ आतून जाळीदार होते, वाफेने नुसती पोळी सुटते. एक न टोचलेली पोळी मुद्दाम करून तव्याचा पाव आणि ती शेजारी शेजारी फाडून दाखवली तर फरक अर्ध्या मिनिटात समजतो.

अलिबाग, ठाणे, मुंबई या भागांत मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या वल्हांडण पाळत आले आहेत. तो त्यांचा जिवंत सण आहे. त्याचे नाटक वर्गात बसवू नये. ओळखीचे कुटुंब असेल तर त्यांच्याकडून ऐकावे. तसेच वर्गात भाजलेल्या भाकरीला गमतीनेसुद्धा प्रभुभोजन म्हणू नका. कॅथलिक मिस्सेतली ओस्तिया फक्त गहू आणि पाण्याची, बेखमीर असते. मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळी खमीर घातलेली भाकर वापरतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कुठे पाव, कुठे वेफर. मुले घरी जाऊन काय सांगतील याचा भरवसा नसतो, म्हणून आधी तुमच्या पाळकांच्या किंवा फादरांच्या कानावर घाला.

मिठाचा पाठ स्वस्त आणि अर्ध्या तासाचा. मत्तय ५:१३ (तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात; पण मिठाचा खारटपणा गेला तर?) वाचून सगळे ‘मीठ चव आणते, मीठ टिकवते’ इथवर येतात. तेवढ्यासाठी बिनमिठाचे वरण पुरते: तीन वाट्या साधे वरण, प्रत्येकी साधारण १५० मि.ली.; एकीत काही नाही, दुसरीत पाव चमचा मीठ, तिसरीत पुरता एक चमचा. तिसरीतले फक्त बोटाच्या टोकावर चाखायचे. मीठ बरोबर पडले की कुणी मिठाचे नाव काढत नाही, वरणाचे कौतुक होते. हा मुद्दा मुले स्वतःच काढतात.

अवघड भाग पुढे आहे. मिठाचा खारटपणा जातोच कसा? डब्यातले आयोडीनयुक्त मीठ वीस वर्षे ठेवले तरी खारटच राहील. हुशार मूल हे विचारते आणि शिक्षकाची पंचाईत होते. याचा नेहमी दिला जाणारा खुलासा असा की त्या प्रदेशातले मीठ शुद्ध नव्हते. मृत समुद्राकाठच्या मिठात इतर क्षार आणि माती मिसळलेली असे. ओल लागली की विरघळणारे मीठ झिरपून जाई आणि मागे पांढरी बेचव भुकटी राही. दिसायला मीठ, चवीला काहीच नाही. वसई, भाईंदर, उरण, पेणकडच्या मुलांना हे मिठागरातल्या करड्या मिठावरून लगेच कळते. मूठभर जाडे मीठ ग्लासभर पाण्यात विरघळवा, फडक्यातून गाळा, फडक्यावर गाळ राहतो.

चाखून पाहायचे असेल तर दोन मोठे चमचे जाडे मीठ आणि दोन मोठे चमचे भाजलेला जाड रवा मिसळा. मलमलीच्या फडक्यात ठेवून वरून लिटरभर पिण्याचे पाणी थोडे थोडे ओता. आधीचे मिश्रण चाखा, नंतरचे चाखा. रवा भाजलेलाच हवा आणि जाडच हवा. बारीक रवा फडक्यात चिखल होऊन बसतो, पाणी खाली उतरत नाही आणि खारटपणा अडकून राहतो. रांगोळी मिसळून हा प्रयोग छान दिसतो, पण ती दगडाची भुकटी आहे आणि मुले चाखल्याशिवाय राहत नाहीत. नकोच.

मसुरीच्या पाठात मात्र शिक्षकाला जपून वागावे लागते. उत्पत्ती २५:२९-३४. एसाव रानातून थकून येतो, याकोबाकडे तांबडी डाळ शिजते आहे, आणि एका जेवणासाठी तो ज्येष्ठपणाचा हक्क विकतो. वीस मुलांना ५०० ग्रॅम मसूर डाळ आणि अडीच लिटर पाणी धरा. भिजवायला नको, साध्या पातेल्यात २५ मिनिटांत मऊ होते. फेस उतू जातो म्हणून पातेले अर्धेच भरेल इतके मोठे घ्या आणि पाण्यात चमचाभर तेल टाका. मीठ, हळद झाली की शेवटी लसूण-जिऱ्याची फोडणी. ती उतारा वाचण्याच्या क्षणी द्यायची, आधी नाही. वास हॉलभर पसरू द्या.

वर्गाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: ‘पुढच्या रविवारी ही दाखवणाऱ्याला मोठे बक्षीस.’ फोडणी पडली की म्हणा, "ज्याला आत्ता वाटी हवी त्याने चिठ्ठी द्यावी." निम्मी मुले देतात. मग उतारा वाचा. पण हा खेळ भुकेल्या मुलांशी खेळू नका. काही मुले ख्रिस्तप्रसादासाठी उपाशी आलेली असतात, काहींच्या घरी सकाळचा नाश्ताच नसतो. म्हणून वर्ग सुरू होताच सगळ्यांना बिस्किटे आणि दूध. शेवटी चिठ्ठी दिलेल्यांना आणि न दिलेल्यांना सारखीच डाळ मिळते, आणि दिलेल्या चिठ्ठ्याही परत करा. ज्याने दिली त्याला वर्गासमोर हसे करून घ्यायला लावले तर एसावापेक्षा तुमचे वागणे वाईट. आणि याकोबाला हुशार म्हणून रंगवू नका. भुकेल्या भावाला अन्न देण्याआधी त्याने सौदा केला, हेही मुलांनी पाहिले पाहिजे. मोठी मुले हे स्वतः बोलून दाखवतात.

सारफथच्या विधवेचा पाठ (१ राजे १७:८-१६) लहानच ठेवा. प्रत्येक मुलाने डब्यातून स्वतःच्या मुठीने एकदाच कणीक घ्यायची, वजनकाट्यावर ठेवायची. भरते वीस-पंचवीस ग्रॅम. त्याची एक पुरीएवढी पोळी होते. विधवा आणि तिचा मुलगा यांनी ती दोघांत जेवायची आणि त्यातलीही आधी पाहुण्याला द्यायची. हे हातात घेतल्यावर त्या बाईकडे एलीया संदेष्ट्याने काय मागितले ते कळते. इथे दोन चुका होतात. एक, शिक्षक गुपचूप डबा पुन्हा भरून ‘चमत्कार’ दाखवतात. ही जादूगिरी आहे. मुले पकडतात, आणि मग खऱ्या उताऱ्यावरही शंका घेतात. दुसरी, ‘देवाला दिले की दुप्पट मिळते’ असा सूर लागतो. उताऱ्यात पीठ वाढून पोती भरल्याचे नाही. पीठ सरले नाही, तेल आटले नाही, रोजचे रोज पुरले. याच एलीयाच्या नावाने बेने इस्राएल मलिदा करतात, पोहे, ओला नारळ, साखर आणि फळे घालून. आपल्याच कोकणात त्याची आठवण अशी ताटात आहे हे मुलांना आवर्जून सांगा.

एक उतारा वर्गात घेऊ नका असे मी ठामपणे सांगेन: अलीशा संदेष्ट्याचे विषारी कालवण (२ राजे ४:३८-४१). रानभोपळे पडून बिघडलेल्या हंड्यात अलीशा पीठ टाकायला सांगतो. कथा म्हणून वाचा, पण शेगडीजवळ नाही. दुधी किंवा भोपळा कडू लागला तर त्यात विषारी द्रव्य असते, ते शिजवून जात नाही आणि पिठाने तर नाहीच. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत. कडू निघाला की सगळे टाकून द्यायचे, एवढेच मुलांनी शिकावे.

बारा वर्षांवरच्यांसाठी यहेज्केल ४:९-११ उत्तम आहे. गहू, जव, शेंगधान्य, मसूर, बाजरीसारखे धान्य यांची मिश्र भाकरी. ‘बायबलमधली पौष्टिक भाकरी’ म्हणून हिचा गवगवा केला जातो, ते पाहून हसू येते. उतारा यरुशलेमच्या वेढ्यातल्या उपासमारीचा आहे. एकच धान्य पुरेसे उरलेले नाही म्हणून मिसळण. आपल्या मुलांना ती थालीपिठाच्या भाजणीवरून लगेच ओळखू येते. दिवसाचा वाटा वीस शेकेल, म्हणजे सुमारे २३० ग्रॅम, आणि पाणी अर्ध्या लिटरपेक्षा थोडे जास्त. भाजणीचा २३० ग्रॅमचा गोळा तोलून घ्या, तीन मध्यम थालीपिठे होतात. "आता उद्या सकाळपर्यंत एवढेच," असे म्हणून ताट पुढे ठेवा.

कोळशावरची मासळी (योहान २१:९) सहलीसाठी राखून ठेवा, हॉलमध्ये धुराने जीव घुसमटतो आणि बंद जागेत कोळसा धोक्याचाच. किनाऱ्यावर किंवा मोकळ्या अंगणात बांगडा चिरा देऊन, मीठ-हळद-लिंबू लावून, निखाऱ्यावर प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटे. ज्वाळा विझून राख धरल्यावरच ठेवायचा. पेत्राने प्रभूला नाकारले तेव्हाही तो कोळशाच्या शेकोटीपाशीच उभा होता (योहान १८:१८). मासा भाजत असताना आधी तो उतारा वाचा, मग हा.

दीड तास असा वाटा: दहा मिनिटे हात धुणे आणि ॲप्रन, चाळीस मिनिटे कृती, वीस मिनिटे वाचन आणि बोलणे, वीस मिनिटे खाणे आणि भांडी. भांडी मुलांनीच घासायची. गहू, अंडे, दूध, शेंगदाणा आणि मासळी यांची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठीने विचारा. गव्हाचे चालत नसेल त्या मुलाला ज्वारीची भाकरी वेगळ्या तव्यावर आणि वेगळ्या हातांनी. शेगडीजवळ एक मोठा माणूस, त्याचे दुसरे काही काम नाही. ओले फडके आणि बादलीभर पाणी हाताशी, पण उकळते तेल पेटले तर पाणी नव्हे, झाकण.

सहा रविवार असतील तर क्रम असा लावा: मीठ, खमीर, मसूर, सारफथ, बेखमीर भाकर, आणि शेवटी बाहेर मासळी. हे उपवासकाळात घेत असाल तर बेखमीर भाकर झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) येईल असे मागे मोजा. मासळी पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या (ईस्टरनंतरच्या) रविवारी ठेवा. उताऱ्यातही ती तेव्हाचीच आहे.